तगरनगरीचे यवन पाहुणे

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पुण्यांतील एक सुशिक्षित जोडपें खरेदीच्या निमित्तानें बाहेर पडतें. खरेदी होत नाहीं, पाऊस मात्र गांठतो, आणि आतां घरीं जाऊन स्वयंपाकाला लागावयाचें या विचाराचा कंटाळा दोघांच्याही तोंडावर एकदमच दिसूं लागतो. समोर एका भोजनगृहाची पाटी असते. आंत पांढऱ्या भिंती, निळ्या चौकटी, प्रत्येक मेजावर एक मेणबत्ती आणि भिंतीवर ग्रीस देशांतील कोणत्या तरी बेटाचें चित्र. "अहो, हें महागाचं दिसतंय," ती म्हणते. "असूं दे. ठरवून थोडेच आलों आहोंत?" असें म्हणून तो दार ढकलतो. ठरवून झालेल्या दहा मेजवान्यांपेक्षां असें एखादें अवचित जेवणच नवराबायकोच्या अधिक लक्षांत राहतें, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

मेजावर प्रथम येते ती एक उथळ बशी. तींत पिवळसर पांढरें वाटण, मधोमध चमच्यानें पाडलेली खळी आणि त्या खळींत हिरवट तेल. वाढपी त्याचें नांव 'हमस' असें सांगतो. तिचें माहेर धाराशिव जिल्ह्यांतलें. ती भाजलेल्या रोटीचा तुकडा मोडते, एक घास घेते, क्षणभर थांबते आणि म्हणते, "हरभरा आहे हो हा. आणि तीळ."

जिभेनें केलेलें हें निदान अगदीं अचूक आहे. उकडलेला हरभरा, तिळाचें बारीक वाटण, लसूण, लिंबू आणि वरून ऑलिव्हचें तेल, एवढेंच त्या बशींत असतें. यांपैकीं हरभऱ्याचें मूळ स्थान आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागांत आहे. तेथून तो चार हजार वर्षांपूर्वींच भारतांत येऊन पोंचला आणि पुढें मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत असा रुजला कीं, पिठल्यावांचून तेथील घराचें घरपणच राहूं नये. तिळाचा प्रवास याच्या नेमका उलट. त्याची लागवड प्रथम भारतीय उपखंडांत झाली; हडप्पा येथें जळून गोळा झालेले तीळ सांपडले आहेत. म्हणजे परदेशी म्हणून मागविलेल्या त्या बशींत एक वस्तु तिकडून इकडे आलेली आणि दुसरी इकडून तिकडे गेलेली. आणि तिच्या माहेरच्या मुलखाचा त्या समुद्राशीं आलेला संबंध एवढ्यावरच संपत नाहीं.

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव आहे. महाराष्ट्र त्याला ओळखतो तो संत गोरोबा काकांचें गांव म्हणून. परंतु गोरोबांच्या चाकावर पहिलें मडकें घडण्याच्या बाराशें वर्षें आधीं हें गांव एक मोठें नगर होतें आणि त्याचें नांव समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना पाठ होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, इजिप्तमध्यें राहणाऱ्या असाव्या अशा एका ग्रीक भाषिक माणसानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक व्यापारी माहितीवही लिहिली. लेखकाचें नांव उरलें नाहीं. वही 'पेरिप्लस' या नांवानें उरली. तींत तो सांगतो कीं, बारिगाझा म्हणजे आपलें भडोच; तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण; आणि पैठणहून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर. टॉलेमीच्या भूगोलांतही तगराचा उल्लेख आहे.

हें तगर कोठलें, यावर एकोणिसाव्या शतकांत बराच वाद झाला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविलें, कोणी जुन्नरकडे. शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. पण त्यांचीं राज्यें कोंकणांत आणि कोल्हापुराकडे असल्यामुळें हा पुरावा वाट दाखविण्याऐवजीं चकवाच देई. अखेर १९०१ सालीं जे. एफ. फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर असें साधार मांडलें आणि लवकरच हेन्री कझिन्स यांनीं गांवाची पाहणी करून तेथील अवशेषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. नकाशावर मोजून पाहिलें तर भडोच ते पैठण हें सरळ अंतर सुमारें ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारें १५० किलोमीटर भरतें. वीस दिवस आणि दहा दिवस यांच्याशीं हें अंतर पडताळून पाहावें: बैलगाडीचा दिवसाचा वेग दोन्ही टप्प्यांत जवळजवळ सारखाच निघतो. दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे. बंदरांतल्या माणसानें ऐकून लिहिलेल्या मजकुरांत एवढी चूक क्षम्य मानावी.

तगराहून भडोचला काय जाई? साधें जाडेंभरडें कापड पुष्कळ, तलम वस्त्रांचे नाना प्रकार, आणि 'मोलोखिना' नांवाचें आणखी एक कापड. हा सारा माल गाड्यांवर लादून, जेथें धड रस्ता नाहीं अशा मुलखांतून उतरे. खरें पाहतां तेरहून कल्याणचें बंदर भडोचपेक्षां कितीतरी जवळ. परंतु त्या काळीं कल्याणची वाट राजकीय वैरामुळें बंद पडली होती. तेथें चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेत, असें पेरिप्लसचा कर्ताच नमूद करतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणाचा भार असा तेरच्या बैलांच्या मानेवर पडला.

आणि परतीच्या गाड्यांत काय असे? भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाची यादी पेरिप्लसमध्यें आहे आणि या लेखाच्या दृष्टीनें ती सर्वांत मोलाची आहे. तिच्यांत पहिलेंच नांव द्राक्षमद्याचें. इटलीचें मद्य विशेष पसंत. त्याखालोखाल सीरियाच्या किनाऱ्यावरील लाओडिकीयाचें आणि अरबस्तानचें. मग तांबें, कथील, शिसें, पोंवळीं, कांच, सुगंधी द्रव्यें, सोन्यारुप्याचीं नाणीं. राजासाठीं वेगळी निवड असे: रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें, सुंदर दासी आणि उंची मद्य. माणसांचा हा व्यापार यादींत मद्याच्याच ओळींत, त्याच थंड हातानें लिहिला आहे, हें वाचणाऱ्यास बोंचल्यावांचून राहत नाहीं.

आतां या यादींत काय नाहीं तें पाहावें. ऑलिव्हचें तेल नाहीं. गहू नाहीं. भूमध्य समुद्रावरचें जेवण म्हणजे पाव, मद्य आणि तेल ही त्रयी. या तिहींपैकीं भडोचच्या बाजारांत एकट्या मद्यालाच गिऱ्हाईक होतें. याचें कारण उघड आहे. ज्या मुलखांत तिळाचें तेल आणि तूप मुबलक, तेथें समुद्रापलीकडून तेल कोण आणील? उलट याच पेरिप्लसमध्यें भडोचकडून आफ्रिकेच्या बाजारपेठांकडे जाणारा माल सांगितला आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचें तेल आणि 'साखरी' नांवाच्या बोरूपासून मिळणारा मध. बोरूचा मध म्हणजे काय, हें मराठी वाचकाला सांगावयास नको.

हें मद्य येई तें दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांतून. त्याला 'अँफोरा' म्हणत. जमिनीवर तो स्वतःच्या बळानें उभा राहत नाहीं. पण जहाजाच्या तळांत एकाच्या खांद्यांमध्यें दुसऱ्याचें टोंक बसवून त्यांची भक्कम उतरंड रचतां येते. आंतून राळेचा लेप, तोंडाला बूच आणि वर चुन्याची मोहोर. एका रांजणांत सुमारें २६ लिटर मद्य मावे. जुलै महिन्यांत इजिप्तहून निघावयाचें, मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडावयाचा आणि पावसाळा सरतां सरतां भडोचला लागावयाचें. तेथून पुढें तीस दिवस बैलगाडी. जहाजासाठीं घडविलेलें हें टोंकदार भांडें खाचखळग्यांच्या वाटेवर गाडीला किती गैरसोयीचें झालें असेल, याची कल्पना कोणत्याही गाडीवानाला येईल. भडोचलाच मद्य कातडी पखालींत ओतून घेत असावेत, ही शंका म्हणूनच रास्त वाटते. तसें असेल तर रांजणांचे तुकडे बंदरांजवळ अधिक आणि आंतल्या मुलखांत थोडके मिळावे यांत नवल नाहीं.

तरी ते मिळाले आहेत. पैठणच्या वाटेवरच मोडणाऱ्या नेवासें येथें, डॉ. हसमुख सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या वर्षांत केलेल्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडच्या रांजणांचीं खापरें सांपडलीं. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांशाची मूर्ति आणि तिच्याबरोबर रोमन घाटाचीं भांडीं निघालीं. अशा वस्तूंविषयीं एक इशारा मात्र दिला पाहिजे. पूर्वीं रोमन म्हणून नोंदलेलीं पुष्कळ खापरें अलीकडच्या तपासणींत इराक-इराणकडच्या लांबट, बिनकानी रांजणांचीं ठरलीं आहेत. आंतून लेप दोहोंतही असतो. म्हणून घोटाळा झाला. माती मात्र खोटें बोलत नाहीं. इटलींतील कांपानिया प्रांतांत, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरांत घडलेल्या रांजणांत काळी चमकदार वाळू असते, आणि तशी वाळू असलेलीं खापरें भारतांत ओळखतां आलीं आहेत.

व्हेसुव्हियसचें नांव निघालेंच आहे तर तेरच्या एका मूर्तीची हकीकत येथेंच सांगितली पाहिजे. १९३८ सालीं पाँपेई येथील एका घरांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं तें शहर गाडलें गेलें, तेव्हां ती मूर्ति त्या घरांत होती. अंगावर अलंकारांची रेलचेल, दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. तिच्याशीं फार जवळचें साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति तेरमध्यें मिळाली आहे, आणि तशीच एक जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें. यावरून पाँपेईची मूर्ति याच भागांत घडली असावी असें कांहीं विद्वान मानतात. सर्वांना तें मान्य नाहीं. पण मूर्ति कोठेंही घडलेली असो, ज्या डोंगराच्या उतारावरचें मद्य दख्खनकडे येत होतें, त्याच डोंगराच्या पायथ्याच्या घरांत दख्खनच्या घाटाची हस्तिदंती स्त्री उभी होती, एवढें तरी निश्चित.

मग एखाद्या यवनाला तगरमध्यें अवचित जेवावयाची पाळी आली असती तर त्याच्या पानांत काय पडलें असतें? यवन लोक महाराष्ट्रांत राहत होते याचे लेख कार्ले, नाशिक आणि जुन्नर येथील लेण्यांत आहेत. म्हणून हा प्रश्न निव्वळ कल्पनेचा नव्हे. त्याच्या पानांत मिरची नव्हती. शेंगदाण्याची चटणी नव्हती. बटाटा, टोमॅटो यांपैकीं कांहीं नव्हतें. या सर्व वस्तु अमेरिकेंतल्या, आणि त्या भारतांत आल्या त्या पोर्तुगीजांनंतर. आज धाराशिवच्या भाकरीबरोबर येणारी झणझणीत चटणी आणि पुण्याच्या त्या भोजनगृहांतील टोमॅटोची कोशिंबीर, दोन्ही सारख्याच नव्या! यवनाला तिखट लागलें असेल तें मिऱ्याचें. डाळी, तीळ, तूप, दहीं, मध, मांस, हें सारें त्याच्या ओळखीचें. हमस मात्र त्यालाही अनोळखी ठरला असता; कारण हरभरा आणि तिळाचें वाटण एकत्र आणणाऱ्या पाककृति तेराव्या शतकांतील पुस्तकांपूर्वीं दिसत नाहींत.

पंक्तीच्या रीती मात्र त्याला चमत्कारिक वाटल्या असत्या. रोमन मेजवानींत तीन बाजूंस तीन पलंग मांडीत आणि एकेकावर तिघे डाव्या कोपरावर रेलून जेवीत. म्हणजे पंक्ति नऊ जणांची. मद्य नुसतें पिणें रानटीपणाचें समजत. त्यांत पाणी, पुष्कळदां ऊन पाणी, मिसळीत. बोलावलेल्या पाहुण्यानें आपल्याबरोबर एखादा न बोलावलेला मित्र आणला तर तें चालत असे, आणि अशा माणसाला लॅटिन भाषेंत 'सावली' म्हणत. अशा सावल्यांनीं जावें कीं न जावें, यावर प्लुटार्कनें सविस्तर चर्चा केली आहे. आपल्याकडे न कळवितां येणाऱ्यास अतिथि म्हणत, ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो. तिकडे तो दुसऱ्या पाहुण्याच्या मागून येई, इकडे एकटा येई आणि तरीही मानाचा असे. आणखी एक गोष्ट: रोमन घरांत पत्नी पतीबरोबर मेजवानीला बसे, जुन्या ग्रीक घरांत कुलस्त्रिया परपुरुषांच्या पंक्तीस येत नसत. दोन पिढ्यांपूर्वींच्या महाराष्ट्रीय घरांतही पुरुषांचीं पानें उठल्यावर बायका बसत. तेव्हां पुण्याच्या भोजनगृहांत मेणबत्तीच्या उजेडांत समोरासमोर बसलेलें तें जोडपें, भिंतीवरचें चित्र ग्रीसचें असलें तरी, रीतीनें अधिक रोमन आहे.

यवनांच्या जेवणाचा अगदीं दगडांत कोरलेला पुरावा मात्र जुन्नरला आहे. शिवनेरीच्या लेण्यांतील एका लेखांत गत वंशाच्या चिट नांवाच्या यवनानें बौद्ध संघास 'भोजनमटप' दान दिल्याचें नमूद आहे. भोजनमटप म्हणजे भोजनमंडप. हा चिट ग्रीक होता, कीं पिढ्यान् पिढ्या येथें राहून पुरता दख्खनी झालेला कोणी, हें नुसत्या यवन शब्दावरून ठरत नाहीं. पण समुद्रापलीकडून आलेल्यांच्या वंशांतला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका माणसानें या देशांत पुण्य जोडावयाचें ठरविलें, तेव्हां त्याला इतरांना बसून जेवतां यावें अशी जागाच द्यावीशी वाटली.

तेरचा पुरावा इतका सुरक्षित राहिला नाहीं. मराठवाड्यांत माळवदाच्या घरांवर पांढरी माती घालतात आणि ही माती मिळते ती जुन्या वस्तीच्या टेकाडांत. सातवाहनांच्या काळांतील घरांच्या भिंती विरघळून झालेली तीच माती. अशी माती खणली जाते तेव्हां तिच्यांतलें खापर, मणी, मूर्तीचें डोकें बाजूला फेंकलें जातें. घर गळूं नये ही काळजी घरधन्याला दोन हजार वर्षांपूर्वींच्या रांजणापेक्षां अर्थातच मोठी असते. याच गांवांतील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशा वस्तु वर्षानुवर्षें वेंचून जपल्या. पदवीधर पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं करावयाचें काम गांवच्या एका माणसानें केलें. १९५८ सालीं चापेकर यांनीं तेरमध्यें शास्त्रीय उत्खनन केलें, पुढेंही उत्खननें झालीं. तरीही तेरचें वैभव डोळ्यांनीं पाहावयाचें तर आजही लामतुरे यांच्याच नांवाच्या तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयांत जावें लागतें. ती हस्तिदंती स्त्री तेथेंच आहे. रोमन घाट पाहून येथल्या कुंभारांनीं घडविलेले मातीचे दिवे पाहिले म्हणजे परदेशी माल कोणाच्या हातीं पोंचत होता हेंही कळतें. ज्याला इटलीचें मद्य परवडत नव्हतें, त्यानें इटलीच्या नमुन्याचा दिवा लावला.

आणि या वाटेनें तिकडे गेलेल्या आपल्या माणसांचें काय? तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननांत भारतीय घडणीच्या मोठ्या रांजणांत भरलेले साडेसात किलो मिरे निघाले. तांदूळ, मूग आणि नारळ यांचेही अवशेष मिळाले. त्याहून बोलका पुरावा स्वयंपाकाच्या साध्या मडक्यांचा. तीं भारतीय बनावटीचीं आहेत. तीं विकण्यासाठीं कोणी नेलीं नसणार. इजिप्तमध्यें स्वयंपाकाच्या भांड्यांना तोटा नव्हता. मद्य, तेल आणि गव्हाचा पाव चोहोंकडे मिळत असलेल्या त्या बंदरांत आपल्या चवीचें कांहीं शिजवावें म्हणून कोणी भारतीय खलाशी किंवा व्यापारी घरचें मडकें गलबतांत घालून घेऊन गेला होता.